झांजेच्या दोरीची कवडी

समुद्रापासून इतक्या लांब, नागपूरच्या महाल भागात, एका कीर्तनकाराच्या तळहातात जिचं आयुष्य गेलं अशी मी एक म्हातारी कवडी आहे. अंगानं जांभळाच्या बीएवढी. पाठीवर एक भोक, पोटाला लांब चीर आणि चिरेच्या दोन्ही काठांना दातांसारख्या बारीक रेघा. मित्रांनो, तुम्ही आम्हाला सारीपाटावर पाहिलं असेल, पोळ्याच्या बैलाच्या गळ्यात पाहिलं असेल. पण कवडी ही कधीकाळी जिवंत असते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं. ज्यांच्या हातात मी होते त्या विश्वनाथबुवांनाही ते नीट ठाऊक नव्हतं. त्यावरून त्यांच्या घरात जे झालं तेच तुम्हाला सांगायचं आहे. आधी माझं थोडं ऐका.

आई मला आठवत नाही. मला जाणीव आली तेव्हा मी मोकळ्या पाण्यात होते, मोहरीच्या दाण्याहूनही लहान. अंगावर काचेसारखं पातळ कवच आणि डोक्याशी कोवळे पंख. पंखांच्या काठाला सतत हलणारी लव. लाट नेईल तिकडे जायचं, पाण्यातलं डोळ्यांना न दिसणारं अन्न गिळायचं, एवढंच काम. भावंडं पुष्कळ होती, पण बहुतेक माशांच्या पोटात गेली. मला एका भरतीनं कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर आणून टाकलं. तिथे माझे पंख गेले आणि त्यांच्या जागी एक रुंद पाऊल आलं. त्या पावलावर मी सरपटायला शिकले.

आमचं कूळ मोठं आहे. त्यात कुणी मुठीत न मावणारी, कुणी चिंचोक्याएवढी, कुणी ठिपक्यांची, कुणी हळदीच्या रंगाची. सवय मात्र सगळ्यांची एकच. उजेडात दगडाखाली, खडकाच्या कपारीत, पोवळ्यांच्या फटीत दडून राहायचं आणि अंधार पडला की चरायला निघायचं. माझ्या डोक्याला दोन शिंगं होती, शिंगांच्या बुडाशी इवलेसे डोळे होते. पुढे एक नळी होती, तिच्यातून पाणी आत येई आणि पाण्याबरोबर वास येई. जीभ म्हणाल तर सुताराच्या कानशीसारखी. तिच्यावर दातांच्या रांगा. तिनं मी दगडावरचं शेवाळ खरवडून खात असे.

आणि माझी चकाकी? लोक म्हणतात, लाटांनी घासून कवडी गुळगुळीत होते. तसं नाही, मित्रांनो. माझ्या अंगाला दोन्ही बाजूंनी मऊ पातळ पदर होते. मी निवांत असले की ते पदर चिरेतून बाहेर येत, पाठीवर चढत आणि मध्यावर एकमेकांना भेटत. सगळं कवच त्यांच्याखाली झाकलं जाई. ते पदरच माझ्या पाठीवर थरावर थर चढवत, रंग भरत, चकाकी आणत. मऊ अंगानं कठीण घर घडवलं आणि रोज पुसून लख्ख ठेवलं. त्या घरातून मी कधी बाहेर पडले नाही. पडताच येत नाही. कवचाच्या आतल्या वेटोळ्याला अंग पक्कं धरून असतं. जीव गेला तरच ते सुटतं.

ते सुटलं एका मोठ्या ओहोटीला. कालवं काढायला आलेल्या बायकांनी दगड उलटले, आम्हाला टोपलीत घेतलं आणि दगड उलटेच टाकून त्या पुढे गेल्या. मग आम्हाला वाळूत पुरलं. पुढचं सांगत नाही. वाळूतून निघालं ते फक्त कवच. मग बोलतंय कोण, असं तुम्ही विचाराल. हा प्रश्न मी पुष्कळ कीर्तनांत ऐकला आहे, उत्तर अजून मला पुरतं समजलेलं नाही. एवढं कळतं, की ज्यानं घडवलं तो गेला तरी त्याच्या हाताची वळणं घडलेल्यात राहतात. त्या वळणांतून मी बोलते.

मी पोत्यातून नागपूरला आले. इतवारीतल्या एका दुकानात माझी पाठ घासून भोक पाडलं गेलं आणि मी तान्ह्या पोळ्याच्या माळेत ओवली गेले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरची मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात, हे तुम्हाला सांगायला नको. बुवांच्या पत्नी यमुताई यांनी ती माळ आपल्या मुलीच्या, प्रमोदिनीच्या, बैलासाठी घेतली. मिरवणुकीत ती तुटली. जेवढ्या कवड्या सापडल्या तेवढ्या यमुताईंनी पदरात वेचल्या. त्याच सुमाराला बुवांच्या झांजेची दोरी ऐन अभंगात हातातून निसटू लागली होती. यमुताईंनी दोरीच्या टोकाशी मला गाठ मारून बसवलं. झांज हातात घेतली की मी बुवांच्या तळहातात अडके आणि दोरी निसटत नसे.

तिथे माझं दुसरं आयुष्य सुरू झालं. ते सुखाचं होतं. काय काय ऐकलं म्हणून सांगू! बुवा नमनाला उभे राहिले की आधी त्यांचा तळहात थंड असे. काशाच्या वाट्या एकमेकींना भिडत आणि तो नाद दोरीतून माझ्यात उतरे. पूर्वरंगातलं निरूपण संपेपर्यंत हात गरम होई. मध्यंतरात बुवांच्या कपाळी बुक्का लागे, गळ्यात हार पडे. उत्तररंगात आख्यान रंगलं की त्या हाताला घाम सुटे आणि मला वाटे, पुन्हा खारं पाणी आलं.

एका एकादशीला बुवांचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांनी झांज उंच धरली. समईच्या उजेडात मी चमकले. ते म्हणाले, मंडळी, ही कवडी पाहा, हिच्यातला जीव वाढला, त्याला हे घर तोकडं पडलं, म्हणून त्यानं ते सोडलं आणि मोठ्या घरात राहायला गेला. घर रिकामं दिसतं म्हणून रडू नका. राहणारा मोठ्या घरी आहे.

पुढे हा दृष्टान्त गावोगाव मागितला जाऊ लागला. बुवा कुठेही गेले तरी बायका म्हणत, कवडीचं सांगा. खरं सांगते, ते ऐकताना मला संकोच वाटे. शंखाशंखांतून घर बदलत हिंडणारा असतो तो खेकडा. आमच्या कुळात कुणी घर सोडत नाही. पण बुवांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, आणि मला तोंड नव्हतं. शिवाय लोक माझ्याकडे डोळे भरून बघत. ते मला आवडत होतं, हेही कबूल करते.

हा दृष्टान्त ज्यांच्या काळजाला लागला त्यांत एक होत्या तुळसाबाई. कामठीच्या. घरी माग होता. त्यांचा एकुलता एक मुलगा रवींद्र विषमज्वरानं गेला, आणि तेराव्यानंतर कुणीतरी त्यांना जबरदस्तीनं कीर्तनाला आणून बसवलं. तोवर त्या जेवत नव्हत्या की बोलत नव्हत्या. कवडीचं ऐकलं आणि त्या दिवशी त्यांनी प्रसाद खाल्ला. तेव्हापासून दर एकादशीला दुपारच्या कीर्तनाला त्या कामठीहून बसनं येत, खांबाला टेकून बसत आणि संध्याकाळची बस गाठायला निघून जात. निघताना बुवांना एवढंच म्हणत, "मोठ्या घरात हाय तो." बुवा मान हलवत.

आता त्र्याहत्तर सालच्या सुमाराचं सांगते. प्रमोदिनी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. एका दुपारी जेवणं चालली होती. पेटी वाजवणारे गणपतरावही पानावर होते. त्यांनी आदल्या दिवशीच्या दृष्टान्ताची तारीफ केली. प्रमोदिनी वाढता वाढता सहज बोलून गेली, की बाबा, ते तुम्ही सांगता ना, तसं नसतं.

"काय म्हणून राहिली तू?" बुवांनी विचारलं.

तिनं सांगितलं. घर बदलतो तो खेकडा. कवडीचा जीव कवचाला जखडलेला असतो, बाहेर काढला तर मरतो.

"म्हणजे तो कुठेच जात नाही?"

"नाही, बाबा."

बुवांनी भात कालवलेला हात तसाच ठेवला. मग चूळ भरून ते उठले. खुंटीवरची झांज काढली, उपरण्यात गुंडाळली आणि फडताळात ठेवून दिली. नारदाच्या गादीवर उभं राहून इतकी वर्षं खोटं सांगितलं, आता त्या जागी उभं राहायचा मला अधिकार नाही, असं त्यांनी यमुताईंना सांगितलं. देवळातही निरोप गेला.

तुम्हाला हे जगावेगळं वाटेल. पण कीर्तनकार ज्या जागी उभा राहतो ती जागा नारदाची, हे बुवांच्या लेखी नुसतं म्हणायचं वाक्य नव्हतं. गणपतरावांनी पुष्कळ समजावलं. ते म्हणाले, "अहो बुवा, दृष्टान्त चुकला म्हणून कीर्तन सोडायचं, तर मला पेटी केव्हाच नाग नदीत सोडायला हवी होती. तुमच्या मागे मी किती बेसूर वाजवलं ते तुम्हाला माहीत आहे." बुवा हसले नाहीत. प्रमोदिनी तर त्या दिवसापासून घरात पाऊलही हलकं टाकू लागली.

फडताळात माझे दिवस जाईनात. उपरण्याला बुक्क्याचा वास होता, तेवढाच आधार. शेजारी लोणच्याची बरणी. दाराबाहेर घर चालत होतं, पण घरात सूर नव्हता. दगडाखाली दडणं माझ्या अंगवळणी होतं, मित्रांनो, पण दगडाखालून कधीतरी चरायला निघता येतं.

एकादशीला तुळसाबाई देवळात आल्या, कीर्तन नाही म्हणून घरी आल्या. पायरीवर बसल्या. यमुताईंनी चहा दिला. पुढच्या एकादशीला पुन्हा आल्या. त्याच्या पुढच्यालाही. बुवा ओसरीवर येऊन बसत, पण बोलत नसत. एकदा तुळसाबाईंनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "बुवा, कीर्तन काहून बंद केलं? माह्याकडून काई चुकलं का?"

"तुमच्याकडून काय चुकणार, बाई."

"मंग मले एकटीले सांगा ते कवडीचं. येवढंच आइकते आन् जाते."

बुवा उठून आत आले आणि फडताळाला पाठ लावून उभे राहिले. त्यांचा श्वास मला लाकडातून ऐकू येत होता. प्रमोदिनी तिथेच होती. तिला ते हळू आवाजात म्हणाले, "तिला खरं सांगितलं, तर तिचा मुलगा दुसऱ्यांदा जाईल. खोटं सांगितलं, तर माझा देव जाईल. तूच सांग, काय करू?"

तुळसाबाई बसच्या वेळेला उठून गेल्या.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात कॉलेजची सहल समुद्रावर जाणार होती, किनाऱ्यावरचे प्राणी अभ्यासायला. मुलीला इतक्या लांब पाठवायचं यमुताईंच्या जिवावर आलं होतं. बुवा मात्र म्हणाले, "जा. मी न बघता बोललो. तू बघून ये."

ती आठवडाभरानं परत आली. अंगाला रेल्वेच्या कोळशाचा वास होता. हातपाय धुऊन तिनं फडताळ उघडलं, उपरणं सोडलं आणि झांज घेऊन बुवांसमोर बसली. कितीतरी दिवसांनी माझ्यावर उजेड पडला. बुवांनी झांजेकडे बघितलं नाही. त्यांनी विचारलं, "सापडली?"

"सापडली."

"आणली का? दाखव."

तिनं पिशवीतून काचेची बरणी काढून त्यांच्यापुढे ठेवली. बरणी रिकामी होती.

"नाही आणली, बाबा. सर म्हणत होते, घे, नमुना चांगला आहे. मी दगड उलटला तर ती खाली बसलेली होती. अंड्यांवर."

बुवांनी वर पाहिलं.

मग तिनं मला बोटांत धरलं आणि सांगू लागली. ही जी चीर आहे ना, बाबा, हिच्यातून पाऊल बाहेर येतं. त्या पावलाखाली तिनं अंड्यांचा सगळा पुंजका झाकून धरला होता. दोन्हीकडून पदर पाठीवर ओढून घेतले होते, जशी एखादी बाई थंडीत लेकराला घेऊन बसते. दगड उलटला, ऊन लागलं, आम्ही सगळे वाकून बघत होतो, तरी ती हलली नाही. सरांनी सांगितलं, अंडी फुटेपर्यंत ती अशीच बसते. चरायलाही जात नाही. मग एक दिवस पिल्लं पंख घेऊन निघतात आणि समुद्रात जातात. ती कुठे जातात, कुठल्या किनाऱ्याला लागतात, तिला कधीच कळत नाही.

"मग तू काय केलंस?"

"दगड होता तसा ठेवला. हळूच."

मित्रांनो, त्या क्षणी माझं काय झालं ते कसं सांगू? आई मला आठवत नाही, असं मी सुरुवातीला म्हटलं. मला वाटे, मला आईच नव्हती, मी पाण्यातूनच झाले. स्वतः अंडी घालायची वेळ येण्याआधीच मी टोपलीत गेले होते. आणि त्या पोरीनं नागपूरच्या स्वयंपाकघरात बसून मला सांगितलं, की माझ्यावरही कुणीतरी उपाशी बसून होतं.

बुवांनी रिकामी बरणी जपून बाजूला सारली. नंतर त्यांनी हात पुढे केला. प्रमोदिनीनं झांज त्यांच्या हातात दिली. तळहात थंड होता, नमनाच्या वेळेसारखा.

माघातल्या एकादशीला कीर्तन लागलं. गणपतरावांनी पेटी इतकी पुसली होती की तिच्यात तोंड दिसावं. तुळसाबाई खांबापाशी होत्या. पूर्वरंगात बुवांनी झांज उंच धरली आणि मी पाहिलं, तुळसाबाईंनी डोळ्यांना लावायला पदराचं टोक आधीच हातात घेतलं होतं. याच ठिकाणी त्या नेहमी रडत.

बुवा म्हणाले, मंडळी, या कवडीतला जीव मोठ्या घरी जातो असं मी सांगत आलो. तसं नाही. आता माझ्या लेकीनं डोळ्यांनी पाहिलं ते ऐका. आणि त्यांनी दगडाखालची आई सांगितली. ती उपाशी कशी बसते, ऊन सोसते पण उठत कशी नाही, हे सांगताना त्यांनी झांज खाली घेतली. गणपतरावांनी पेटीवर नुसता एक सूर धरून ठेवला. शेवटी बुवा म्हणाले, "लेकरू कुठे गेलं, तिला दिसत नाही. माझ्यानं खोटं सांगवत नाही, मंडळी, तिला कधीच दिसत नाही. पण ज्या पाण्यात ते गेलं, त्याच पाण्यात ती बसली आहे. तेच पाणी तिच्या अंगाला लागतं, तेच त्याच्या अंगाला. देव म्हणजे ते पाणी."

तुळसाबाई रडल्या नाहीत. पदराचं टोक त्यांच्या हातात तसंच राहिलं. बुवांचा तळहात घामानं चिंब झाला. ते सगळ्या देवळाकडे बघत होते, फक्त खांबाकडे बघत नव्हते.

आरती झाली. लोक पाया पडून निघाले. तुळसाबाई सगळ्यांच्या शेवटी आल्या. प्रमोदिनी बुवांच्या मागे उभी होती.

"म्हंजे बुवा," त्या म्हणाल्या, "तो मोठ्या घरात नाई गेला."

"ते मला माहीत नाही, बाई."

"पन पानी एकच हाय."

"एकच आहे."

त्यांनी वाकून झांजेची दोरी हातात घेतली आणि मला उलटं केलं. पोटाच्या चिरेतून आत पाहिलं, जिथे माझं अंग वेटोळं घालून राहत होतं. इतकी वर्षं पुष्कळांनी मला पाहिलं, पण असं आत वाकून कुणी पाहिलं नव्हतं.

"आन् हिची माय?" त्या म्हणाल्या. "तिले का मालूम, पोरगी नागपुरात हाय म्हनून."

त्यांनी मला मुठीत घेतलं आणि मूठ मिटली. मागावर काम करून त्या हाताला घट्टे पडले होते. त्या अंधारात मी किती वेळ होते कोण जाणे. मग त्यांनी मूठ उघडली, दोरी बुवांच्या हातात नीट ठेवली आणि प्रमोदिनीच्या गालावरून हात फिरवला. "जेवली का वं?" एवढंच तिला विचारलं, आणि बस गाठायला गेल्या.

पुढच्या एकादशीला त्या आल्या. त्याच्या पुढच्यालाही आल्या. "मोठ्या घरात हाय तो" असं त्या पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत. निघताना मला एकदा मुठीत धरत आणि जात.

आता बुवा नाहीत. गणपतरावांची पेटीही थकली. प्रमोदिनी शाळेत शिकवते, आणि वर्षातून एकदा झांज पिशवीत घालून वर्गात आणते. मुलांच्या हातांतून मी फिरते. कुणी मला कानाला लावतं, कुणी दातांच्या रेघा मोजतं. माझी चकाकी आता पुष्कळ उतरली आहे. तिच्यावर थर चढवणारे पदर नाहीत, पण इतके तळहात लागले की अगदी रुक्षही झाले नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कधीतरी समुद्रावर जाल. ओहोटीला खडकांवर उतरलात तर दगड जरूर उचला आणि वाकून बघा. आमचं जग बघण्यासारखं आहे. पण बघून झालं की दगड होता तसा, होता त्याच बाजूला, हळूच ठेवा. त्याच्याखाली कुणीतरी उपाशी बसलेलं असेल.